टेस्टिंगचा तवा

आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दिंद्रुडला लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणुकीची सभा, काही असलं की आण्णांना निरोप यायचा. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि एक पत्र्याची पेटी असं सगळं बैलगाडीत घालून ते आसपासच्या गावांना जायचे. पेटीत तवे असत. रेकॉर्डला आमच्याकडे रेकॉर्ड कुणी म्हणतच नव्हतं, तवाच म्हणायचे.

लग्नघरी पोहोचल्यावर आण्णा आधी कर्णा लिंबाच्या झाडाला बांधायचे. मग तो नीट वाजतो का, आवाज शिवारात कुठवर जातो, हे बघायला एक तवा लावायचे. तो तवा इंग्रजी होता. सिकंदराबादला लग्नसराईसाठी नवे तवे आणायला गेले होते, तेव्हा दुकानदाराने गठ्ठ्यात तो तसाच घालून दिला होता. इंग्रजी गाणं गावात कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे ते मध्येच बंद केलं तरी कुणाची तक्रार नसायची. ओळखीचं गाणं अर्धवट तोडलं की मात्र पाहुणे भांडायला उठत. म्हणून आण्णांनी त्या तव्याच्या मधल्या कागदावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिलं, ‘टेस्टिंग’.

आधी पिपाण्या वाजायच्या, तीन-चार एकदम. मग एक बाई गायला लागायची. आवाज जाड, खालून वर येणारा, शेतातून कुणाला तरी हाक मारावी तसा. दोन ओळी झाल्या की शिवारातून कुणीतरी हात वर करायचा, म्हणजे आवाज पोचतोय. मग आण्णा सुई उचलायचे आणि सनईचा तवा लागायचा. गावातल्या बायका हातातलं काम टाकून म्हणायच्या, “टेस्टिंगवाली बाई गायली, चला, मांडव भरंल आता.” माझ्या स्वतःच्या लग्नात सुद्धा आधी तीच गायली. ती कोण, काय म्हणते, हे आण्णांना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला विचारावंसंही वाटलं नाही. सुया महाग असायच्या, त्यामुळे घरी मशीन कधी लागलं नाही. तवे फक्त लोकांच्या कार्यात वाजायचे.

पुढे कॅसेटी आल्या. आण्णांनी काही वर्षं कॅसेटींवर धंदा केला, मग थकले, आणि पेटीसकट सगळं सामान माजलगावच्या एका मांडववाल्याला देऊन टाकलं. मी तेव्हा अंबाजोगाईला दवाखान्यात नर्सच्या नोकरीला लागले होते. सासर अंबाजोगाईतच, माझ्या मालकांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बी-बियाण्यांचं दुकान. पेटी गेल्याचं मला चार-सहा महिन्यांनी कळलं आणि त्याचं काही वाटलंही नाही. ड्यूटी, पोरं, सासूबाईंचं पथ्य यातच दिवस जात होते.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वॉर्डात परळीच्या एक म्हाताऱ्या बाई मांडीचं हाड मोडून दाखल झाल्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन परळीतच स्टेशनजवळ घर बांधून राहिलेले. मूळचे सिकंदराबादचे ख्रिश्चन. दोघांना एकच मुलगी, ती सिकंदराबादला दिलेली. गार्डसाहेब दिवसभर बाईंच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून असायचे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणणं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच एखादी ओळ चुकली तर बोटाने त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायच्या.

एकदा ड्रेसिंग करताना मी विचारलं की हे कुठलं गाणं. ते म्हणाले, अमेरिकेतल्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं आहे, याला ब्लूज म्हणतात. मग ड्रेसिंग होईपर्यंत ते त्या माणसांबद्दल बोलत राहिले. मराठी, हिंदी आणि हैदराबादी यांचं मिश्रण. बाई म्हणाल्या, “सिस्टर, तुम इनकू पूछो मत. रात हो जाती.” आणि मग स्वतःच सांगू लागल्या की घरात अशा रेकॉर्डची एक आख्खी खोली आहे, बऱ्या झाल्यावर या ऐकायला.

रेकॉर्ड म्हटल्यावर मी आण्णांच्या तव्यांबद्दल सांगितलं. गार्डसाहेब इतके खुश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्ख्या वॉर्डाला माझी ओळख ‘म्युझिकवाल्यांची मुलगी’ अशी करून दिली.

बाई घरी गेल्या आणि महिन्याभराने एका रविवारी मी परळीला गेले. एकटी कशी जाणार, म्हणून मालकांनाही घेतलं. ते कुरकुरत आले. स्टेशनच्या मागच्या गल्लीत बैठं घर, दारात तुळस आणि क्रोटनच्या कुंड्या, सगळ्यांवर थर्मलची, म्हणजे विजेच्या कारखान्याची, करडी राख. आत मधल्या खोलीत भिंतभर फळ्या आणि त्यांवर उभ्या लावलेल्या रेकॉर्ड. इतक्या मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. आण्णांच्या पेटीतले तवे मळक्या कागदात असायचे. इथे प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर मोठमोठे रंगीत फोटो. कुणी गिटार घेऊन केस सोडलेले, कुणी सुटात, कुणी बाई पियानोला टेकलेली.

नोकरीत असताना गाडी सिकंदराबादला लागली की दुसऱ्या दिवशी परत निघेपर्यंत गार्डसाहेबांना मोकळा वेळ असायचा. बाकीचे गार्ड झोपायचे, हे जुन्या बाजारात जायचे. ओळखीपाळखीतली पुष्कळ ख्रिश्चन घरं त्या काळात परदेशी निघून गेली. जाताना फर्निचर, भांडी आणि रेकॉर्ड विकून गेली. कुणाकुणाच्या घरी गार्डसाहेब लहानपणी ख्रिसमसला नाचायला गेले होते. त्याच घरातल्या रेकॉर्ड आता फुटपाथवर. ते म्हणाले, “नाम लिखे हुए रहते थे कव्हरपे. पहचान के लोगां के. कैसे छोडते?” म्हणून एकेक करत उचलून आणल्या, ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डच्या डब्यात, स्वतःच्या पेटीवर उभ्या ठेवून.

त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यात आधी रेकॉर्ड धरायला शिकवलं. कडेने धरायची, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. लावण्याआधी मऊ मखमलीने गोल पुसायची, कारण परळीत खिडक्या लावल्या तरी राख आत येते आणि सुईखाली आली की खरखर ऐकू येते. आडव्या रचायच्या नाहीत. मे महिन्यात सगळ्यात थंड खोलीत ठेवायच्या, नाहीतर पापडासारख्या वाकतात. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एक रॉकची रेकॉर्ड लावली. गिटारचा आवाज असा आला की मी खुर्ची धरली. मालक मात्र पहिल्या पाच मिनिटांत शेजारच्या खुर्चीत झोपले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार्डसाहेब म्हणाले, “सोने देव. अच्छे गाने में नींद भी अच्छी लगती.”

मग ते रविवार सुरूच राहिले. दर आठवड्याला जमायचं नाही, पण महिन्यातून एकदा तरी. बाई वॉकर धरून यायच्या आणि दिवाणावर बसायच्या. काय लावायचं हे बहुतेक त्याच सांगत. मला इंग्रजी दवाखान्यापुरतं यायचं. गार्डसाहेब गाणं थांबवून अर्थ सांगत नसत, रेकॉर्डची एक बाजू संपल्यावर सांगत. मध्येच लाइट गेली तर गाणाऱ्याचा आवाज जाड होत होत खाली बसायचा आणि थांबायचा. विजेच्या कारखान्याच्या गावात लाइट जाते, यावर बाई दर वेळी हसायच्या.

हळूहळू मलाच नाद लागला. पुण्याला भाचीकडे गेले तेव्हा जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेयर आणला. पोरांनी फोनवर सगळी गाणी फुकट असतात हे मला दाखवून दिलं. ते खरंच होतं, पण मला कव्हर हातात धरायची, पुसायची, सुई ठेवल्यावर गाणं लागायच्या आधी जी बारीक खरखर येते ती ऐकायची सवय लागली होती. सासूबाईंनी एकदा विचारलं की या वयात हे काय. मालकांनी परस्पर उत्तर दिलं, “बाकीच्यांच्या बायका भिशी लावतात, ही तवे लावते.” पुढे तो विषय घरात निघाला नाही.

असाच एक पावसाळी रविवार होता. बाई म्हणाल्या, आज सोल लावा, बऱ्याच दिवसांत ती बाई ऐकली नाही. सोल म्हणजे त्याच काळ्या माणसांचं, चर्चमधल्या गाण्यातून आलेलं गाणं. गार्डसाहेबांनी एक निळं कव्हर काढलं, रेकॉर्ड पुसली आणि लावली. आधी पिपाण्या वाजल्या, तीन-चार एकदम. माझ्या हातातला कप तिथेच थांबला. मग ती गायला लागली.

मला परळीची खोली दिसेना. हिरव्या डहाळ्यांचा मांडव, शिडीवर चढलेले आण्णा, बॅटरीच्या ॲसिडचा वास, सडा घातलेलं अंगण. दोन ओळी झाल्या. आता आवाज तुटणार म्हणून मी आपोआप वाट पाहत राहिले. आवाज तुटला नाही. ती पुढे गायली. पुढे काय आहे हे मला माहीतच नव्हतं. तिच्या मागे आणखी बायका गायला लागल्या, मग सगळं थांबलं, एकटा ढोल राहिला, आणि ती पुन्हा इतक्या वर गेली की बाईंनी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं तेव्हा बाईंना वाटलं की चहा सांडून भाजलं.

मी सगळं सांगितल्यावर गार्डसाहेबांनी सुई उचलून जागेवर ठेवली. त्यांचा एक नियम होता, रेकॉर्ड घराबाहेर द्यायची नाही. मी मागितलीही नाही. तेच म्हणाले, “फादर कू लाओ.”

आण्णांना आणायचं म्हणजे सोपं नव्हतं. ऐंशीच्या घरात, एका डोळ्याला कमी दिसायचं, आणि कुणाच्या घरी जाऊन बसणं त्यांना आवडायचं नाही. आयुष्यभर कार्यात गेले ते मशीनपाशी बसायला. पंगतीतही उशिरा, घाईत जेवायचे. मी त्यांना कशासाठी नेते हे सांगितलं नाही. थर्मल दाखवायला नेते म्हटलं. मालकांनी दिंद्रुडहून त्यांना गाडीत घातलं.

गार्डसाहेबांनी आण्णांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आण्णांनी आधी मशीन पाहिलं, वाकून सुई पाहिली, बोटाने पट्टा किती ताणलेला आहे ते पाहिलं आणि मान हलवली. मग गाणं लागलं. पिपाण्या वाजल्या तसे ते खुर्चीत पुढे सरकले. बाई गायला लागली. दोन ओळी झाल्या, आणि आण्णांचा उजवा हात मांडीवरून उठला, सुई उचलायला जातो तसा, आणि हवेतच राहिला. गाणं चालू राहिलं तसा तो हळूच परत मांडीवर आला. त्यानंतर ते हलले नाहीत. गाणं संपलं तशी गार्डसाहेबांनी सुई उचलली.

“हे असं सपतंय व्हय?” आण्णा म्हणाले.

मग जरा वेळाने स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की इतकी वर्षं तवे लावले, पण एकही गाणं बसून आख्खं ऐकलं नाही. कर्णा वाजतोय का, बॅटरी उतरते का, सुई घसरते का, पुढचा तवा कुठला, यातच कान असायचा. गाणी लोकांनी ऐकली. गार्डसाहेबांना हे कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी न विचारता तीच रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली.

दुसऱ्यांदा संपल्यावर आण्णांनी विचारलं की ती बाई म्हणते काय. गार्डसाहेब माझ्याकडे पाहून हसू लागले. म्हणाले, ती नवऱ्याला म्हणते, तुझं गाठोडं उचल आणि माझ्या घरातून चालता हो, खूप सोसलं. मी ते आण्णांना मराठीत सांगितलं.

आण्णा आधी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांना असं हसू फुटलं की खोकला आला, पाणी द्यावं लागलं. “म्हंजी समद्या लग्नात आमी हेच लावलं व्हय गं,” ते म्हणाले. नंतर घरी येताना गाडीत ते एकेक लग्न आठवत बसले. अमक्याचं, तमक्याचं, या गावचं, त्या गावचं. कुणाचंच मोडलं नाही, असा निर्वाळा त्यांनी शेवटी दिला. मालक म्हणाले, माझंही नाही मोडलं, अजून.

त्यानंतर आण्णा तीन-चारदा तरी परळीला आले. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषा निम्मी कळायची. आण्णा ब्लूज ऐकताना मांडीवर ठेका धरायचे आणि हा ठेका आपल्या पोतराजाचा आहे म्हणायचे. गार्डसाहेबांना पोतराज माहीत नव्हता. मग आण्णांनी उठून, कमरेवर हात ठेवून तो दाखवला. बाई दिवाणावर हसून हसून आडव्या झाल्या. त्या वर्षीच्या थंडीत आण्णा दिंद्रुडला झोपेत गेले. गार्डसाहेब पांढरा शर्ट घालून तिसऱ्याला आले आणि कोपऱ्यात उभे राहिले.

बाई गेल्या त्या नंतर तीन उन्हाळ्यांनी. छातीत कफ झाला आणि आमच्याच दवाखान्यात गेल्या, मी ड्यूटीवर होते. मुलगी सिकंदराबादहून आली आणि वडिलांना घेऊन जायचं म्हणू लागली. ते बरेच दिवस नाही म्हणाले. हैदराबादचा एक व्यापारी आख्खी खोली विकत घ्यायला येऊन गेला, त्यालाही त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. मग एका रविवारी आम्हाला बोलावलं. रेकॉर्ड फळ्यांवर जशाच्या तशा होत्या. त्यांनी दोन-चारच वेगळ्या काढून स्वतःच्या बॅगेत ठेवल्या होत्या. बाकीच्यांकडे हात करून म्हणाले, “लेके जाओ, बेटी. धूल तुमेच पोंछते आये.”

मी म्हटलं, इतक्या कशा नेऊ, तुमची आयुष्यभराची जमा आहे. ते खिडकीची कडी लावायला गेले. मुलगीच म्हणाली की तिच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि पप्पांनी ठरवलेलं आहे.

मालकांनी दुकानाचा टेम्पो आणला. बियाण्यांच्या पोत्यांसाठी दुकानात लोखंडी अँगलचं रॅक होतं, तसंच एक त्यांनी वेल्डरकडून आधीच बनवून घेतलं होतं, मला न सांगता. मापही बरोबर निघालं. रेकॉर्ड माझ्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळून उभ्या लावल्या, आणि मालकांनी घाटात टेम्पो असा हळू चालवला की मागून येणारे उसाचे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेले.

आता त्या आमच्या मधल्या खोलीत आहेत. रिटायर झाल्यापासून मी त्यांत भर घालते. पुण्या-मुंबईचे विकणारे फोनवर फोटो पाठवतात, कुरिअरने माल येतो. दोनदा वाकडी आली, एकदा कव्हरमध्ये भलतीच निघाली. ब्लूज माझ्याकडे आता गार्डसाहेबांकडे होते त्याहून जास्त आहेत. कव्हरांवरची सिकंदराबादच्या त्या घरांमधली नावं मी तशीच ठेवली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी गार्डसाहेबांना भेटायला सिकंदराबादला गेले. बाईंची आवडती सोलची एक रेकॉर्ड त्यांच्याकडे झिजून गेली होती, तीच नवी मिळाली होती. ती कापडात गुंडाळून नेली. रात्रभर रेल्वेत मांडीवर धरून बसले.

ते चौथ्या मजल्यावर राहतात. थकलेत, पण बूट अजून चकाचक. मला पाहून त्यांना खूप आनंद झाला. परळीची विचारपूस केली, तुळशीची केली, घर कुणी घेतलं ते विचारलं. नातीबरोबर टीव्हीवर तेलुगू मालिका बघतात, ती सगळी गोष्ट मला समजावून सांगितली. मी रेकॉर्ड काढून दिली. त्यांनी कव्हर दोन्ही बाजूंनी पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला, आणि माझ्या हातात परत दिलं. घरात प्लेयर होता, झाकलेला. त्यावर नातीची पुस्तकं ठेवली होती.

“दो जने सुनते थे, बेटी,” ते म्हणाले. “अकेले कू नै जमता.”

मी आग्रह केला नाही. जेवण झाल्यावर ते मला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि घरी पोहोचल्यावर फोन कर म्हणाले.

परळीला उतरले तेव्हा उजाडत होतं. एसटीने अंबाजोगाईला आले, अंघोळ केली, त्यांना फोन केला. दुपारी मालक दुकानात गेल्यावर ती रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं असेल तेव्हा शेजारच्या रिटायर शिक्षिका पातेलं परत द्यायला आल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत कधी थांबल्या नव्हत्या. दारातूनच त्यांनी विचारलं की ही बाई एवढं काय सांगते आहे. मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पदर सावरला आणि दिवाणावर बसल्या. चहा मी ती बाजू संपल्यावर केला.